वगळलेले तीन दिवस

ज्या सरकारी खात्यात मी जवळजवळ तीस वर्षं नोकरी केली, तिथे नद्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवला जाई. ठिकठिकाणी नदीच्या पात्रात मोजणीपट्ट्या रोवलेल्या असत. तिथला गेज-रीडर रोज सकाळी जाऊन पाण्याची उंची वहीत लिही आणि त्या वह्यांतले आकडे तक्त्यांत चढून महिन्याच्या शेवटी दिल्लीत आमच्या टेबलावर येत. माझा संबंध त्या आकड्यांशी होता. प्रत्यक्ष नदीच्या काठी मी वर्षातून एकदा गेले तरी खूप.

दिल्लीत आले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. नवऱ्याची बदली आधी झाली होती, माझी वर्षभराने झाली. मुलगी अडीच वर्षांची. सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि मागे एक अंगण, ज्यात शेजारच्यांचा कूलर वर्षभर पडलेला असे. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, नवरा पुण्याचा. दिल्लीत आल्यावर आम्ही दोघं फक्त मराठी झालो. बाहेर दिवसभर हिंदी बोलायचं आणि दार लावलं की मराठी, असं चालायचं.

आमचे विभागप्रमुखही मराठी होते, मिरजेकडचे. पहिले सहा महिने ते मला तुम्ही म्हणत, मग एक दिवस सहज तू म्हणाले आणि ते तसंच राहिलं. क्वार्टरचा अर्ज कसा भरायचा, मुलीला कुठल्या पाळणाघरात ठेवायचं, हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सांगितलं. रविवारी चर्चहून येताना आम्ही बऱ्याचदा त्यांच्याकडे जेवायला जायचो. काकूंच्या हळदीकुंकवालाही मी दरवर्षी जात असे. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

सरांनी एक मॉडेल तयार केलं होतं. आज हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, तेव्हा नव्हता. डोंगरात किती पाऊस पडला, ऊन किती होतं, जमीन कशी आहे, हे एका बाजूने घालायचं आणि नदीत किती पाणी येईल हे दुसऱ्या बाजूने काढायचं, असं ते गणित होतं. सरांनी ते आधी कागदावर केलं, आलेखांच्या गुंडाळ्यांवर गुंडाळ्या भरून, आणि ऑफिसात पहिला संगणक आल्यावर त्यावर चढवलं. या कामात त्यांची अकरा वर्षं गेली होती.

ते तपासायचं काम त्यांनी मला दिलं.

"मी बनवलंय, म्हणून मी तपासू नये," ते म्हणाले. "तू तपास. आणि दया करू नकोस."

तपासायची रीत त्यांनीच शिकवली. ज्या वर्षांच्या नोंदी वापरून मॉडेल बसवलं, त्याच वर्षांवर ते तपासलं तर पास होणारच, त्याला काही अर्थ नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक नदीच्या नोंदींचे दोन भाग केले होते. अर्धी वर्षं स्वतः वापरली. उरलेली अर्धी न पाहता पाकिटांत घालून, पाकिटं बंद करून लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. पाऊस मॉडेलला द्यायचा, नदीचं पाणी दाखवायचं नाही, आणि मॉडेल काय सांगतं ते खऱ्या नोंदींशी ताडून पाहायचं. त्यातून एक गुण निघे. एक आला तर तंतोतंत जुळलं. शून्य आला तर मॉडेलऐवजी सरळ सरासरी धरली असती तरी चाललं असतं. आणि शून्याच्या खाली गेला तर सरासरीसुद्धा मॉडेलपेक्षा बरी.

स्वतःच्या अकरा वर्षांच्या कामाची अशी परीक्षा घ्यायला लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते वाचून कोणाला ते लबाड वाटायला नकोत. ते लबाड नव्हते.

तीन नद्या होत्या. पहिल्या दोन दूरच्या, भरपूर आणि सवयीच्या पावसाच्या. त्यांचे गुण चांगले आले. मी भागांची अदलाबदल करून पाहिली, ओल्या वर्षांवर बसवून कोरड्या वर्षांवर तपासलं, मग उलट केलं. मॉडेल टिकलं. सर रोज काही ना काही निमित्ताने माझ्या टेबलापाशी येत, पण निकाल विचारत नसत. कपाटाकडे नुसतं बघून जात.

तिसरी नदी दिल्लीच्या दक्षिणेला, बसने तीन तासांवर. अरवलीच्या टेकड्यांतून उतरणारी, वर्षातले दहा महिने कोरडी. राज्य सरकारला तिच्यावर रस्ता आणि पूल बांधायचा होता. पुलाखाली किती पाणी जाऊ द्यावं लागेल हा आकडा त्यांना हवा होता आणि तो सरांचं मॉडेल देणार होतं. मॉडेलचा सरकारी कामात झालेला तो पहिला वापर ठरला असता.

तिसऱ्या नदीचा गुण शून्याच्या खाली गेला.

मी दोन दिवस त्याच्यामागे होते. आधी वाटलं टायपिंगमध्ये चूक असेल. मग एकेक वर्ष वेगळं काढून पाहिलं. सगळी वर्षं ठीकठाक होती, एकच वर्ष बुडवत होतं, आणि त्या वर्षातले फक्त तीन दिवस. भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांत गेज-रीडरने नदीला इतकं पाणी लिहिलं होतं की त्या नदीच्या सगळ्या नोंदींत तसं दुसरं नव्हतं. मॉडेलने त्या दिवसांत जवळजवळ काहीच पाणी दाखवलं नाही. कारण सरळ होतं. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या आवारात होता आणि त्यात त्या दिवसांत जेमतेम शिंतोडे पडले होते.

मी सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"पाऊसच नाही तर पूर कुठून येईल?" ते म्हणाले. "गेज-रीडरने घरी बसून लिहिलंय हे. दहा महिने कोरडी नदी लिहून कंटाळला असेल."

असं होत असे, हे खरं आहे. घरी बसून लिहिलेल्या नोंदी आम्ही पाहिल्या होत्या. त्यामुळे मला ते पटलं. पूर्ण पटलं का, असं कोणी विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. त्या तीन दिवसांतल्या मधल्या दिवशी त्याने पाण्याची उंची तासातासाला लिहिली होती. एवढी मेहनत खोटं लिहिणारा माणूस कशाला करेल, हे माझ्या मनात आलं होतं. आलं, आणि मी ते बाजूला ठेवलं. राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबरची बैठक दहा दिवसांवर होती. सरांचा चेहरा त्या दोन दिवसांत उतरला होता. मला त्यांना आनंदाची बातमी द्यायची होती, हेही तितकंच खरं.

नोट मी लिहिली. इंग्रजीत होती. मराठीत सांगायचं तर, सदर तीन दिवसांच्या नोंदी पर्जन्यमानाशी विसंगत असून संशयास्पद वाटतात, त्या चाचणीतून वगळाव्यात. खाली सही केली. तीन दिवस काढल्यावर गुण झटकन वर आला. सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, चांगलं काम केलंस.

बैठक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका अतिथिगृहात झाली. सगळ्यांनी मॉडेलची तारीफ केली. मॉडेलवरच्या अहवालात माझ्या नोटचा उल्लेख एका ओळीत आला.

पण सरकारी कागद एकदा हलला की त्याला फाटे फुटतात. नोंदी संशयास्पद आहेत असं दिल्लीने म्हटल्यावर राज्याच्या ऑफिसने त्या गेज-रीडरकडून खुलासा मागवला. तो खुलासा घेऊन तो माणूस स्वतःच दिल्लीत आला.

डिसेंबर असावा. मी ऑफिसात पोचले तेव्हा तो आमच्या मजल्यावरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, मफलर कानावरून बांधलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडीवर गमछ्यात गुंडाळलेली वही. शिपायाने सांगितलं, पहाटेच्या बसने आलाय, साहेबांना भेटायचंय म्हणतो. सर त्या दिवशी बाहेर होते. मी त्याला आत बोलावलं, चहा मागवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या नोंदींवरची ती नोट मीच लिहिली हे त्याला माहीत नव्हतं.

"मैडम, मुझसे जवाब माँगा है," तो म्हणाला. "लिखकर दूँ, या चलकर दिखा दूँ?"

मी विचारलं काय दाखवणार. तो म्हणाला, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते. मग त्याने वही उघडली. पानापानावर रोजची तारीख आणि पुढे एकच शब्द, सूखी. सूखी, सूखी, सूखी, महिनेच्या महिने. मग ते तीन दिवस आले. तिथे आकड्यांशेजारी, उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात, त्याने बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इथे पाऊस नाही, वर पहाडात सकाळपासून काळोख आहे, दोन पट्ट्या वाहून गेल्या, पुढची उंची पंपघराच्या भिंतीवरून. खाली तीन माणसांच्या सह्या होत्या, त्यातला एक अंगठा. कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं.

यातलं एक अक्षरही माझ्यापर्यंत आलं नव्हतं. मासिक तक्त्याचा नमुना दिल्लीहून जायचा, आमच्याच विभागातून. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता.

मी त्याला सांगितलं की ती नोट माझी होती. त्याने मान हलवली. रागावला नाही. चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि विचारलं, मग कधी येता?

पुढच्या शनिवारी गेले. दौऱ्याची परवानगी मागितली असती तर सरांच्या सहीने मिळाली असती, म्हणून मागितली नाही. आई कुठे चालली म्हणून मुलीने विचारलं, मी म्हटलं, एक ओढ्यासारखी नदी आहे ती बघायला. तिने विचारलं, ओढा म्हणजे? तिच्या बाबांनी सांगितलं, नाला. तिने नाक मुरडलं. दिल्लीत नाला म्हणजे गटार.

रोडवेजच्या बसने गेले. गेज-रीडर बसथांब्यावर उभा होता. शेतांच्या बांधांवरून आम्ही अर्धा तास चाललो आणि तो थांबला. समोर नुसती वाळू होती. चांगली रुंद, पांढरी, मधे शेळ्या बसलेल्या. पात्रात तीन पट्ट्या उभ्या होत्या, त्यातल्या दोन नव्या. तो म्हणाला, गेली चौदा वर्षं रोज सकाळी आठ वाजता इथे येतो. कोरडी असली तरी? मी विचारलं. तो म्हणाला, न येता कोरडी आहे हे कसं लिहिणार?

पंपघर काठापासून बरंच वर होतं. जुनी विटांची भिंत, एका बाजूने प्लास्टर उडालेलं. तिथे विटांवर खिळ्याने आडवे ओरखडे काढलेले होते, एकावर एक, आणि प्रत्येक ओरखड्याशेजारी वेळ. पट्ट्या बुडाल्यावर तो इथे येऊन उभा राहिला होता आणि पाणी चढेल तसा मनगटावरचं घड्याळ बघून खुणा करत गेला होता. सगळ्यात वरची खूण माझ्या कपाळाच्या पातळीला होती. मी तिथे हात ठेवला आणि वळून खाली त्या वाळूकडे पाहिलं.

त्याच्या शेजारी राहणारा गवंडी पारदर्शक नळी घेऊन आला होता. नळीत पाणी भरून दोन टोकं धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहतं, गवंडी जोत्याची पातळी अशीच काढतात. त्या नळीने आम्ही पंपघराच्या खुणेपासून टप्प्याटप्प्याने शाबूत राहिलेल्या जुन्या पट्टीपर्यंत आलो. तीन तास लागले. मी वहीतला आकडा आधी पाहिला नाही, मोजून झाल्यावर पाहिला. चार बोटांचा फरक होता. गवंडी म्हणाला, तेवढा तर माझ्या नळीचा असेल.

तहसील कचेरीचा पर्जन्यमापक तिथून वीस-बावीस किलोमीटर दूर, टेकड्यांच्या दुसऱ्या अंगाला होता. त्या टेकड्यांत पाऊस मोजायला काहीच नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की सोमवारी बोल, उशीर करू नकोस. रविवारी चर्चमध्ये मी काय ऐकलं ते मला आठवत नाही.

सोमवारी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नळीने मोजल्याचं सांगितलं तेव्हा ते किंचित हसले, चिडून नाही, कौतुकानेच. मग त्यांनी पेन टोपणात घातलं.

"पाऊस मोजलाच गेला नाही तर मॉडेल पूर कुठून आणणार?" ते म्हणाले. "यात मॉडेलचा दोष काय?"

"दोष नाही, सर. पण मग त्या नदीवर ते चालत नाही, एवढं तरी लिहायला हवं."

"आणि पुलाला आकडा कोण देणार? तू? त्यांना काहीतरी आकडा लागणारच. आपला नसेल तर कोणी तरी अंदाजाने ठोकून देईल. तो आपल्यापेक्षा बरा असेल?"

मी म्हटलं, निदान ते तीन दिवस परत घालू या आणि जो गुण येईल तो छापू या. अहवाल छापायला गेला होता, खात्याच्या प्रमुखांची प्रस्तावना लिहून झाली होती. शेवटी ते म्हणाले, "पहिल्या नोटवर सही तुझीच आहे." आवाज चढवून नाही म्हणाले. आठवण करून दिल्यासारखं म्हणाले.

मी दुसरी नोट लिहिली. पहिली नोट मागे घेत आहे, नोंदी जागेवर पडताळल्या असून विश्वसनीय आहेत, त्या धरल्यास मॉडेल या नदीच्या पाणलोटावर वापरण्याजोगं नाही. सरांनी त्यावर ‘पाहिले, चर्चा करावी’ असा शेरा मारला. ती चर्चा कधी झाली नाही. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. हे मी कोणावर ढकलू शकत नाही. माझ्या वर अजून अधिकारी होते, मी त्यांच्याकडे जाऊ शकले असते. सरांना ओलांडून जायचं म्हणजे ज्या माणसाने मला या शहरात उभं केलं त्याच्या तोंडावर दार आपटायचं, असं मला वाटे. त्या संक्रांतीला काकूंकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. रविवारची जेवणंही थांबली.

माझ्या दुसऱ्या नोटची एक प्रत मी राज्याच्या ऑफिसला पाठवली होती. तिचा उपयोग एवढाच झाला की गेज-रीडरचा खुलासा मान्य झाल्याचं पत्र त्याला गेलं. मला बरं वाटलं. पण सहा महिन्यांनी दुसरं परिपत्रक आलं. ज्या लहान नद्यांचं पाणी आता मॉडेलने काढता येतं तिथली मोजणी केंद्रं बंद करण्यात येत आहेत. यादीत सातव्या क्रमांकावर ती नदी होती. आधार म्हणून आमच्याच अहवालाचा उल्लेख होता.

पुढच्या तीन-चार वर्षांत बरंच बदललं. माझी बदली दुसऱ्या विभागात झाली, इमारत तीच. सर निवृत्त झाले आणि यमुनेपलीकडे सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्यांच्या निरोपसमारंभात मी फुलं दिली, त्यांनी मुलीची चौकशी केली. त्या नदीवर रस्ता झाला. मोठा पूल न बांधता पात्रात भराव घालून तो उंच केला होता आणि मधे पाण्यासाठी ठेवलेल्या मोऱ्या मॉडेलच्या आकड्याला पुरतील एवढ्या होत्या.

श्रावणात एका दुपारी पाणी आलं. भरावाने ते अडवलं, मागे तळं साचलं आणि मग ते रस्त्यावरून उसळून पलीकडे पडलं. पलीकडच्या सखल भागातली कच्ची घरं बसली. माणसं आधीच निघाली होती म्हणून वाचली. पण सायकलवरून दूध घेऊन रस्ता ओलांडणारा एक दूधवाला वाहून गेला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मी त्या ऑफिसात वाचल्या आणि सबंध दिवस टेबलापासून उठले नाही.

पूर किती होता हे काढायला खात्याने तिघांना पाठवलं. मी स्वतःहून नाव दिलं. नदीत आता एकही पट्टी नव्हती, रोवलेल्या जागी तीन खड्डे राहिले होते. आम्ही झाडांना अडकलेला कचरा, भिंतींवरच्या गाळाच्या रेषा, यांवरून उंची काढत होतो. दूधवाल्याचा भाऊ आमच्या मागोमाग चालत होता. मग माझ्याजवळ येऊन त्याने हिंदीत विचारलं की हे मोजून आता काय करणार. आमच्यातला एक जण म्हणाला, पुढच्या वेळी उपयोग होईल. मी भिंतीवरच्या पुढच्या रेषेला टेप लावली.

गेज-रीडरचं घर मी शोधलं. केंद्र बंद झाल्यावर तो फरीदाबादला एका कारखान्यात चौकीदार म्हणून लागला होता, सुटीला घरी आलेला होता. त्याने खाट टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी विचारलं, पूर आला तेव्हा त्याने काही पाहिलं का, पंपघरावर काही खूण केली का.

"मैं ड्यूटी पर था, मैडम," तो म्हणाला. मग म्हणाला, "और यहाँ होता, तो भी नहीं जाता."

पट्ट्या उपटून नेल्या त्या दिवसापासून तो नदीकडे गेलाच नव्हता. शेताकडेही लांबच्या वाटेने जाई, असं त्याच्या बायकोने सांगितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि मला तो हवा होता. माफी मागायला मी तोंड उघडलं. तो मधेच उठला आणि गवंड्याचं कसं चाललंय ते सांगायला लागला. मी पाणी प्यायले आणि निघाले.

आमचा हिशेब झाला. पाण्याची उंची पंपघराच्या वरच्या खुणेच्या आसपास पोचली होती. वगळलेल्या तीन दिवसांत जेवढं पाणी आलं होतं साधारण तेवढंच पुन्हा आलं होतं.

त्या रविवारी मी सरांकडे गेले. दार काकूंनी उघडलं, त्यांनी मला क्षणभर पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं. सर बाल्कनीत बसले होते, पुष्कळ वाळले होते. त्यांनी बातमी वाचली होती. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, किती आलं? मी आकडा सांगितला. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलने तो लिहिला, त्याच्याखाली मोऱ्यांचा आकडा लिहिला, आणि दोन्हींकडे बघत राहिले.

"ते तीन दिवस तू काढलेस आणि गुण वर आला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं," ते म्हणाले. "तिथेच मला संशय यायला हवा होता. दुसऱ्या कोणाचं मॉडेल असतं तर आला असता."

मी म्हटलं, मलाही बरं वाटलं होतं, सर.

काकूंनी जेवायला वाढलं. आम्ही जेवलो. निघताना सरांनी माझ्याकडे तीन दिवसांच्या तक्त्याची प्रत मागितली. मी पोस्टाने पाठवली. पुढे त्यांनी खात्याला स्वतःच्या अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं, की जिथे डोंगरात पाऊस मोजला जात नाही आणि नदी वर्षातला बहुतेक काळ कोरडी असते तिथे आपलं मॉडेल वापरू नये, आणि त्या अहवालातला त्या नदीचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या पत्राची त्यांना पोच आली. त्यापलीकडे काही आलं नाही. दीड वर्षाने ते गेले.

त्या रस्त्याच्या मोऱ्या नंतर वाढवल्या. टेकड्यांत एक पर्जन्यमापक बसला. मोजणी केंद्र पुन्हा सुरू झालं तेव्हा मी गेज-रीडरला पत्र पाठवलं होतं. त्याच्या पुतण्याचं उत्तर आलं की काका येणार नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं.

बऱ्याच वर्षांनी मी त्याच विभागाची प्रमुख झाले. पहिल्या आठवड्यात जुनी फाइल मागवली. ती सापडायला महिना लागला. माझ्या दोन्ही नोटा तीत होत्या, एकावर एक टाचलेल्या, आणि सरांचं पत्रही होतं, घडी न उघडलेलं. छापील अहवाल मात्र अजून लोक वापरत होते. त्या आठवड्यातच एका संशोधकाने त्याचा हवाला देऊन मला प्रबंध पाठवला होता.

अहवाल मागे घेता येत नव्हता, पण शुद्धिपत्र काढता येत होतं. मी अर्ध्या पानाचं काढलं. ते तीन दिवस धरून आलेला शून्याखालचा गुण त्यात दिला आणि नोंदी वगळण्याची चूक कोणाची होती तेही माझ्या पदनामासह लिहिलं. ज्या ज्या ऑफिसांना आणि ग्रंथालयांना अहवाल गेला होता त्यांच्या यादीवर ते टपालाने पाठवलं, संबंधित पानावर चिकटवावे अशा सूचनेसह. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीत ते मी स्वतः चिकटवलं. बाकीच्यांतलं किती ठिकाणी चिकटवलं गेलं, मला माहीत नाही.